हिच्या जास्वंदीच्या काड्या

३ फेब्रुवारी

सून ऐकत नाही. हिची, माझ्या बायकोची, अबोली रंगाची जास्वंद बुंध्यापासून कुजत चाललीय आणि बाईसाहेबांना प्रयोग सुचतोय! हिनं बी लावून वाढवलेलं झाड, या रंगाचं दुसरं कुठं नाही. आता ही पण नाही. शेवटच्या चांगल्या काड्या आज कापल्या. निम्म्या माझ्या मिश्रणात — लाल माती, वाळू, पालापाचोळ्याचं खत. निम्म्या सुनेच्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात. म्हणे, "मामंजी, कशात मूळ धरतात ते कळेल तरी." इतकी वर्षं रोपवाटिकेत मी काय झोपा काढल्या? मुलगा पाण्याचा पाइप धरून उभा. बायकोपुढं याची दातखीळ बसते.

९ फेब्रुवारी

आता तणाचाही प्रयोग. कुंड्यांच्या तीन रांगा. एकीत तणनाशकाचे दाणे, दुसरीत मातीवर तुसाचा थर, तिसरीत काहीच करायचं नाही. म्हणजे तण मुद्दाम वाढवायचं! रोपवाटिका आहे की रान?

१२ फेब्रुवारी

हात शिवशिवत होते. तिसरी रांग साफ केली. संध्याकाळी सुनेनं पाहिलं. "अहो, कुठल्या उपायानं तण किती कमी होतं, ते या रांगेशी ताडून बघायचं होतं. तुमच्या हाताला उपटण्याशिवाय काही सुचतच नाही का?" मुलगा हसला. जेवलो नाही. कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

१५ फेब्रुवारी

काड्या हिरव्या आहेत. एक हळूच वर ओढली, मुळं आली का एवढंच पाहायला. नाहीत. परत खोचली, माती दाबली.

१६ फेब्रुवारी

पाहिली. नाहीत.

२० फेब्रुवारी

रोज बघतोय. नुसतं बघतोय, त्याशिवाय जिवाला चैन नाही. माझ्या बाजूची पानं गळायला लागली. तिच्याही काड्या उपसून पाहिल्या — तिच्याही कोऱ्या. बरं वाटलं. मग वाटलं, बरं कसलं? झाड हिचं आहे.

२ मार्च

सगळ्या काळ्या पडल्या. दोन्हीकडच्या. मोठं झाडही गेलं, मुलानं आज खणून काढलं. सुनेला नाही नाही ते बोललो. "तुझ्या शिक्षणानं माझ्या बायकोचं झाड खाल्लं," असंही म्हणालो. मुलगा पहिल्यांदा बोलला, "बाबा, पुरे." सून काळ्या काड्यांचा ट्रे उचलून आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या गप्प बसण्याचाच जास्त राग येतो.

१८ मार्च

सून मला टाकीमागच्या खोलीत घेऊन गेली. तिथं मी कधी जात नाही. खिडकीत हिच्या जास्वंदीच्या काड्या — नवी पानं, कुंडीच्या भोकांतून पांढरी मुळं बाहेर. "तुम्ही तण उपटलंत, त्याच दिवशी हलवल्या. तुमच्यासमोर साध्या लाल जास्वंदीच्या ठेवल्या होत्या. त्या काळ्या पडल्या त्या दिवशीच सांगणार होते, पण तुमचं बोलणं फार लागलं." मग कुंड्यांकडे बोट करून म्हणाली, "तुमच्या मातीतल्या जास्त धरल्यात, मामंजी."

लाल जास्वंदीची काडी मला ओळखू आली नाही. बराच वेळ हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.