कॅम्पर गाडी, पोकळ फिल्टर आणि एक काळा रुमाल

मी, एकेहार्ड ब्रुन्येस, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार ब्रेमरफ्योर्दे, जिल्हा वृत्तपत्राचा निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने व कोणाच्याही दडपणावाचून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डावा खुबा कृत्रिम आहे; परंतु मृत्युपत्र खुब्याने लिहीत नाहीत. मी संतापलेलो आहे, हेही येथेच नमूद करतो, म्हणजे पुढे कोणी ते शोधून काढल्याचा आव आणणार नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. या मजकुरातील एकही स्वल्पविराम कोणी हलवू नये.

कलम १. राहते घर माझा एकुलता एक मुलगा टोर्बेन याला द्यावे. मुलाला पूर्णपणे वगळण्याची मुभा कायदा मला देत नाही, एवढेच यामागचे कारण आहे. तळघराची तिसरी पायरी सैल आहे. ती दुरुस्त करतो, असे टोर्बेन सात वर्षे म्हणत आला आहे. आता ती त्याची आहे.

कलम २. माझी सर्व हत्यारे श्रीमती ओझनूर यल्चिन यांना द्यावीत. स्टेशनमागच्या गॅरेजच्या त्या मालकीण असून, ज्यांच्या हातात मी माझी गाडी निर्धास्तपणे सोपवीन अशा जिल्ह्यातील त्या एकमेव व्यक्ती आहेत. बोल्ट किती जोराने आवळला हे मोजणारा पाना विशेष जपावा. त्या पान्याने टोर्बेनने एकदा भिंतीत खिळा ठोकला होता. ते साल १९९८ होते. मी विसरलेलो नाही.

कलम ३. डिझेलवर चालणारी कॅम्पर गाडी. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून वाचावे.

ही गाडी मी आणि माझी पत्नी वीब्के यांनी बारा वर्षांपूर्वी नवी घेतली. तिचे तेल मी वेळेआधी बदलले. इंजिनाकडे धूर परत फिरवणारी झडप दर दोन वर्षांनी काढून स्वच्छ केली. दर शनिवारी सायलेन्सरच्या नळीच्या तोंडातून पांढरा रुमाल फिरवला. काजळी अडवणारा फिल्टर धड असेल, तर रुमाल पांढराच राहतो. दहा वर्षे तो पांढरा राहिला. वीब्के तो रुमाल वेगळा धूत असे आणि म्हणत असे, "तुझ्या शर्टाची कॉलर याहून मळलेली असते, एकेहार्ड."

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे गाडी टोर्बेनकडे होती. मी त्याला एकच सूचना दिली होती: आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास सलग वेगाने चालव, म्हणजे फिल्टर तापून आत साठलेली काजळी स्वतःच जाळून टाकील. टोर्बेनने काय केले? दर रविवारी सकाळी ती गाडी पाव आणायला नेली. बेकरी घरापासून आठशे मीटरवर आहे. साडेतीन टनांचे वाहन, सहा पाव. फिल्टर तापू लागला, की हे महाशय इंजिन बंद करून पाव मोजत उभे.

फिल्टर तुंबला. चालकासमोरचा इशाऱ्याचा दिवा पेटला. त्याने श्रीमती यल्चिन यांच्याकडे जावे, तर हा गेला कोणा एका शेडमधल्या माणसाकडे. त्या माणसाने फिल्टर कापून आतला गाभा काढून फेकला, रिकामा डबा पुन्हा वेल्ड केला आणि दिवा पेटूच नये अशी गाडीच्या संगणकाची समजूत घातली.

मला खाली वाकता येत नव्हते. म्हणून शनिवारचे काम मी टोर्बेनवर सोपवले होते.

"रुमाल फिरवलास?"

"फिरवला, पपा. हा बघ. पांढराशुभ्र."

तो रुमाल कपाटातून काढलेला होता. त्याची इस्त्रीची घडीही मोडलेली नव्हती. ती घडी मी पाहिली. चौतीस वर्षे इतरांच्या चुका शोधून पगार घेतलेल्या माणसाने ती नजरेआड केली, हे येथे लिहून ठेवतो.

जूनमध्ये वीब्के आणि मी फेमार्न बेटावर गेलो. मुक्कामाच्या जागी गाडी समतल उभी करायची तर चाकांखाली पाचरी लावून मागे घ्यावी लागते, आणि मागे उभे राहून हाताने दिशा दाखवण्याचे काम पहिल्या दिवसापासून वीब्केचे होते. तिची फुप्फुसे तोवर अशक्त झाली होती. मला पातळी दाखवणाऱ्या काचेतला बुडबुडा बरोबर मध्यावर हवा होता. मी सात वेळा गाडी पुढे-मागे केली.

"एकेहार्ड, धूर येतोय!"

"माझ्या गाडीला धूर येत नाही. शेजारच्याच्या शेगडीचा असेल."

"अरे, मी मागे उभी आहे, तू नाहीस. पुरे झालं आता, सरळच आहे."

"हात नीट दाखव. डावा."

तिने डावा हात दाखवला. उजवा तोंडावर होता. मी ते आरशात पाहिले आणि आठव्यांदा गाडी मागे घेतली.

नोव्हेंबरमध्ये ती गेली. त्या धुराचा तिच्या मृत्यूशी काही संबंध होता असे कोणी डॉक्टर म्हणाला नाही, आणि मीही तसा दावा करीत नाही. मी फक्त काय घडले ते लिहितो.

या एप्रिलमध्ये मला प्रथमच खाली वाकता आले. रुमाल काळा निघाला. श्रीमती यल्चिन यांनी फिल्टर उतरवून, बोटाने वाजवून दाखवला.

"श्रीयुत ब्रुन्येस, आत काहीच नाही हो. नुसता डबा आहे. हे कोणी केलं?"

मी सांगितले.

"मग त्याच्याशी बोला. लिहून नका देऊ, तोंडाने बोला."

मी बोललो. टोर्बेन माझ्या स्वयंपाकघरात उभा होता.

"पपा, सगळेच करतात. दिवा परत पेटला का? नाही ना!"

"तुझी आई त्या धुरात उभी होती."

"माहितीये मला. तिने फोन केला होता तिथून. म्हणाली, गाडी धूर सोडतेय आणि तुझा बाप ऐकत नाही." त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "मी म्हटलं, ऊन लागलं असेल तुला, आई."

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

म्हणून गाडीची व्यवस्था अशी. माझ्या शिलकीतून प्रथम नवा, अस्सल फिल्टर विकत घ्यावा. तो टोर्बेनने स्वतःच्या हातांनी, गाडीखाली झोपून, श्रीमती यल्चिन यांच्या देखरेखीत बसवावा. दाब मोजणाऱ्या दोन्ही रबरी नळ्याही बदलाव्यात. त्या चिरलेल्या असल्या तर नवा फिल्टरही वाया जाईल. संगणकाला घातलेली खोटी समजूत काढून टाकावी. त्यानंतर टोर्बेनने गाडी फेमार्नला न्यावी आणि परत आल्यावर, श्रीमती यल्चिन यांच्यासमोर, नळीतून पांढरा रुमाल फिरवावा. तो पांढरा राहिला, तर गाडी त्याची. काळा निघाला, तर गाडी भंगारात जावी. ती विकून दुसऱ्या कोणाच्या बायकोला तिच्यामागे उभे करू नये. बेकरीला ती कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये.

उरलेली शिल्लक जिल्हा रुग्णालयाच्या फुप्फुस विभागाला द्यावी.

कलम ४. एप्रिलमध्ये काळा निघालेला रुमाल माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. तो धुऊ नये. श्रीमती यल्चिन यांनी त्याचे कात्रीने, पट्टी लावून, दोन सारखे तुकडे करावेत. एक टोर्बेनला द्यावा. दुसरा मला पुरताना माझ्या कोटाच्या खिशात ठेवावा. या मृत्युपत्रातील समान वाटणी एवढीच.

हस्तलिखित मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे आपला कायदा म्हणतो. मला लागतात. शेजारी हिनरिक टीटयेन यांनी वाचून विचारले, "एकेहार्ड, हे मृत्युपत्र आहे की तक्रारअर्ज?" मी म्हणालो, "दोन्ही. सही कर, आणि रेषेवर कर."

साक्षीदार:
१. हिनरिक टीटयेन, शेजारी (सही रेषेच्या खाली गेली आहे. ए. ब्रु.)
२. गेर्डा लामेर्स, निवृत्त अक्षरजुळारी, जिल्हा वृत्तपत्र

स्वाक्षरी: एकेहार्ड ब्रुन्येस
स्थळ: ब्रेमरफ्योर्दे
दिनांक: १३ सप्टेंबर २०२५, शनिवार