गाडी डोळे मिचकावते त्याविषयी

रामवाडी, पेण
बुधवार

तीर्थरूप जनूमामांस,

भाचा हरेश याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी की पत्र संपेपर्यंत तुम्हाला मी आडवाच हवा असेन.) गोदामामींचा गुडघा कसा आहे? तुमचं बीपी? आजची गोळी राहिली असेल तर आधी ती घ्या, मग पुढचं वाचा. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्यालाच ओरडता आणि मला तिसरं सुचत नाही.

तर गाडी. तुमची ती लाल, बसकी, दोन दारांची, पंचवीस वर्षांची स्पोर्ट्स कार, जिच्यातून उतरताना माणूस रांगत बाहेर येतो. येत्या शनिवारी रोह्याला तुमची शेवटची शिफ्ट. चौतीस वर्षं कंपनीच्या बसनं गेलात, शेवटच्या दिवशी मात्र स्वतःच्या गाडीनं गेटातून आत शिरायचं, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐकवताय. म्हणून तर "दारावरचे दोन ओरखडे तेवढे बुजव, बाकी कशाला हात लावशील तर याद राख," असं बजावून गाडी माझ्या गणपतीच्या कारखान्यात सोडलीत. ओरखडे बुजले. आता शोधूनही सापडायचे नाहीत.

सोमवारी संध्याकाळी मूर्तींचे मुकुट द्यायला मी जिते गावी निघालो. (गाडी कामाला जुंपली नाही, नुसती चालवून बघितली. मुकुट वजनाला काहीच नसतात.) दिवे लावले तर ते मिचमिचायला लागले. हॉर्न दाबला की दिवे मंद, ब्रेक दाबला की आणखी मंद, आणि काट्यांशेजारी बॅटरीचा लाल दिवा पेटला तो विझेचना. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याला वाटलं मी त्याला खुणावतोय. तो थांबला, खाली उतरला आणि काय काम आहे विचारू लागला. तेवढ्यात गाडीच बंद पडली, म्हणून काम आपोआप ठरलं. त्याच्याच टेम्पोला बांधून आम्ही परत आलो. सेल्फ मारला की गाडी नुसतं टक् म्हणायची आणि गप्प.

आमच्याकडे काळुराम रिक्षांचं वायरिंग करतो. माणूस चांगला, पण निदान असं सांगतो की ऐकणाऱ्यानं टोपी काढावी. त्यानं धक्का मारून गाडी चालू केली, मीटर लावलं. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट, चालू असतानाही साडेबारा. चालू असताना चौदा तरी पाहिजे म्हणे. "चार्जिंग नाय. डायनामो गेला." डायनामो उतरवला, बाहेर नेऊन तपासला, तर तो चौदा दाखवतोय! "डायनामो बेस हाय, तुमची गाडीच खराब हाय," हे दुसरं निदान. मग पट्टा आवळला, फ्यूज घासले, बॅटरी बदलून पाहिली. शेजारच्या गंगीकाकूनं लिंबू-मिरची बांधली. (मामा, लाज वाटते सांगायला, पण लिंबू बांधल्यावर एक मिनिट दिवे ठणठणीत लागले. काकू अजून सगळ्या आळीत सांगत फिरतेय.)

काल दुपारी मी चाकाला टेकून बसलो आणि खरंच रडलो. तुम्ही ही चावी पोटच्या पोराला कधी दिली नाहीत, मला दिलीत. शनिवारी तुम्ही परत त्या बसच्या तिसऱ्या सीटवर बसून चाललात हे डोळ्यांपुढे आलं.

नमिता चहा घेऊन आली. (माझी बायको, तुमची भाचेसून. तिचे वडील मिठागरावरचे पंप दुरुस्त करायचे, हे ती चहात साखर घालतानाही ऐकवते.) ती म्हणाली, "काळूभाऊ, करंट जातो कसा ते तुम्ही कालपासून बघताय. परत येतो कसा ते बघितलंत?" आणि जाडी वायर घेऊन तिनं बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाला जोडली. सेल्फ पहिल्या फटक्यात लागला. दिवे स्थिर. मीटरवर चौदा! मग अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टनं आवळलेली असते ती जागा उघडली. तिथे कोरा पत्रा लागतो. तर पत्र्यावर रंगाचे तीन गुळगुळीत हात! कोण हा गाढव? कोणी ह्याच्या हातात ब्रश दिला? असल्या माणसाला भर चौकात उभं करून विचारलं पाहिजे.

जागा घासली, वायर आवळली, गाडी तयार आहे. काळजी नसावी. मामींना नमस्कार.

तुमचाच,
हरेश

ता. क. तो गाढव मीच. ओरखडे बुजवले तर बाकीचं दार जुनाट दिसायला लागलं, दार केलं तर बॉनेट. मग बॅटरी आणि तिच्या वायरी उतरवून आतला कोपरा न् कोपरा रंगवला. आमच्या धंद्यात देवाची पाठ कोणाला दिसत नाही म्हणून कोरी ठेवत नाहीत. सवय जात नाही.

आणखी ता. क. गाडी आता लाल नाही. कारखान्यात पितांबराचा पिवळा शिल्लक होता. शिवाय हेडलाइटभोवती डोळ्यांची आखणी केली आहे, फार प्रसन्न बघते. आज पेणच्या नाक्यावर दोघांनी हात जोडले. खरी विनंती एवढीच, की शनिवारी शेजारच्या सीटवर मला बसू द्या. गेटातून जाताना मला तुमचं तोंड बघायचंय. सीट दोनच आहेत, तेव्हा मामींशी तुम्हीच बोला.

मामांना नमिताचा नमस्कार. पत्र पाकिटात घालताना वाचलं. शेजारी मामींनाच बसवा, ह्यांना मी मागून रिक्षानं आणते. आणि घासलेली ती जागा ह्यांनी आज सकाळी परत रंगवली. उघडी बरी दिसत नव्हती म्हणे. मी परत घासली आहे. शनिवारपर्यंत सगळे ब्रश माझ्या कपाटात आहेत, चावी माझ्या कमरेला. तुम्ही निर्धास्त गेटातून आत जा.