गाडीत जावई नाही

मामा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता मीही सासरा झालो. आमचे जावई उद्या साखरेची पोती भरून सांगलीहून चिपळूणला निघालेत. कुंभार्ली घाट, आणि पहिल्यांदाच एकटे. म्हणून दोन दिवस तुमचीच आठवण येते आहे.

रहिमतपूरचं माझं दुकान बंद पडलं, तेव्हा तुम्ही मला तुमच्या ट्रकवर घेतलंत. फौजेत गाड्या चालवलेला माणूस तुम्ही, पण शिकाऊ पडला जावई. त्याच्यावर ओरडणार कसं? पहिल्याच दिवशी मी उसाच्या बैलगाडीला जवळजवळ धडकत होतो, तर तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "जावईबापू, जरा ब्रेक दाबता का?" झोप आली की गाडी बाजूला घ्यायची, मालाचा मालक ओरडला तर ओरडू द्यायचा, हे सगळं तुम्ही असंच अदबीनं सांगायचात. मी मान डोलवायचो आणि विसरायचो.

मग तो घाट. उतार लागतो, आणि डिझेल वाचवायला मी गाडी न्यूट्रल करतो. दुसऱ्या ड्रायव्हरांनी शिकवलेली ती हुशारी. तुम्ही शेजारी डुलकी घेताय. गाडी पळत सुटते, ब्रेक दाबून दाबून जळका वास येतो, आणि तुम्ही खाडकन जागे होता. वळणावरच्या रुंद जागेत गाडी कशीबशी थांबली. तुम्ही खाली उडी टाकून चाकाखाली दगड सरकवलात आणि चहाच्या टपरीवरची सगळी माणसं ऐकत असताना ओरडलात, "आरं गाढवा! डिझेल वाचवतोस व्हय? माझ्या पोरीचं कुकू वाचीव आदी! ज्या गेरात घाट चढशील, त्याच गेरात उतरायचं!"

टपरीवाला म्हणाला, "पोरगा का तुमचा?"

तुम्ही 'जावई' म्हणाला नाहीत, फक्त दोन चहा सांगितलेत. माल उतरवून म्हसवडला तुमच्या घरी परतल्यावर मात्र पहिलं ताट मला. "घ्या जावईबापू, लाजू नका." दुसऱ्या दिवशी गाडीत चढताना मला थांबवलंत. "हे बग, गाडीत जावई न्हाई. जावई घरी. पटतंय का?"

त्या दिवाळसणाला टोपी-उपरण्यासोबत तुम्ही चाकाखाली लावायचा बाभळीचा ठोकळा दिलात, स्वतः तासलेला. मामी चिडल्या, "आवं, जावयाला सणाला लाकूड देत्यात व्हय?" तुम्ही म्हणालात, "गाडी थांबली की आदी ठोकळा, मग च्या." पुढे आयुष्यभर मी तसंच केलं. माझ्या गाडीनं कधी कुणाचं नुकसान केलं नाही, याला कारण तुम्ही.

परवा मी आमच्या जावयांशेजारी बसलो होतो. कऱ्हाडच्या अलीकडे जरा उतार लागला आणि त्यांनी गाडी न्यूट्रल केली. मी म्हणालो, "जरा गेरात असू द्या." ते हसले. "मामा, डिझेल वाचतंय की." मी विषय सोडून दिला. घरी हे सांगितलं, तर तुमची मुलगी म्हणाली, "तुमाला आबांनी सोडलं व्हतं का? मग तुमी कसं सोडता?"

आज सकाळी त्यांना ट्रकमध्ये बसवलं, दार लावलं आणि अरे-तुरेवर आलो. तुमचं कुंकवाचं वाक्य जसंच्या तसं बोललो. ते बघतच राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "व्हय मामा." मी तुमचा तो बाभळीचा ठोकळा त्यांच्या पायाशी ठेवला. त्यांनी तो उचलून सीटखाली नीट सरकवला, तेव्हा जरा जिवात जीव आला.

हा कागद कुठं पाठवणार? घडी करून कपाटात ठेवीन. एक मात्र तुम्हाला कधी बोललो नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले. घाटात तुम्ही 'गाढवा' म्हणालात, तेव्हा सगळ्यांना वाटलं मी शरमेनं मान खाली घातली. पण टपरीवाल्यानं 'पोरगा का तुमचा?' असं विचारलं, ते मला फार बरं वाटलं होतं.