कुठलाही सेल चालणारी टॉर्च

मंगळवार, दिवेलागण

टॉर्च उद्या येईल म्हणतायत. एवढीशी आहे, पण पेन्सिल सेल, रिमोटचा बारीक सेल, चार्जिंगचा, काहीही चालतं. बाबांसाठीच मागवली. ते संपलेले सेल गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवतात आणि पुन्हा घालतात. हिच्यातही तेच घालणार का?

रिडेव्हलपमेंटसाठी अर्धी चाळ रिकामी झाली, पॅसेजचे दिवेही गेले. आज बाबा अंधारातच टोकाच्या संडासाकडे निघाले.

"थांबा, मोबाईल धरते."

"कशाला? रस्ता पाठ आहे."

मी मागोमाग गेले. भिंतीला हात लावत, बंद दारागणिक ते पुटपुटत होते. "सावंत. कांबळे. शिंदेकाकू." एकदाही चुकले नाहीत.

कठड्यावरचे सेल मी आत आणून लपवलेत. उद्या टॉर्च लागली, की बाबांना त्या दारांवरची कुलपं दिसतील.