साठीतल्या माणसाचा चौथा वाढदिवस

मंगळवार, ३ मार्च

सापडली नाही! माझी चूक नाही — म्हणजे थोडी आहे.

ताईने कागदावर लिहून दिलं होतं: लाँड्रीच्या मागचा जिना, दुसरा मजला, सात वाजता. दारू सोडणाऱ्यांची बैठक. निघालोही वेळेवर. पण वाटेत क्रेनने कुणाचा तरी पियानो गच्चीवर चढवत होते. मी पडलो घरसामान हलवणाऱ्या गाडीवरचा माणूस, असलं काही बघून पुढे कसा जाणार? "दोर डावीकडून घ्या!" ओरडलो. त्यांनी खरंच घेतला! अर्धा तास गेला.

लाँड्रीवाल्याला विचारायला गेलो, पण 'दारू' हा शब्द टाळला. म्हटलं, "वर काही असतं का हो?"

"पंखा असतो," म्हणाला आणि इस्त्री फिरवायला लागला.

मग स्वतःच चढलो. दाराला पाटी नाही. आत पंधरा-वीस माणसं हसून हसून लोळताहेत, मध्ये केक, केकवर चार मेणबत्त्या, आणि फुंकर कोण मारतंय — साठीतला टकलू काका! "चौथा वाढदिवस!" टाळ्या!

दारू सुटलेली माणसं इतकी खिदळतील? शक्यच नाही. कुणाचा तरी घरगुती कार्यक्रम. "माफ करा, चुकून आलो," म्हटलं.

टकलू काका म्हणाला, "इथे सगळे चुकूनच येतात. केक घे."

दोन तुकडे हाणले आणि सटकलो.

घरी थाप मारली — जाऊन आलो म्हणून. ताईने माझ्या तोंडाचा वास घेतला. रोज घेते. "केकचा वास येतोय."

"देतात तिथे."

मिरचीला घ्यायला हात पुढे केले तर म्हणाली, "अजून नाही."

मिरची म्हणजे माझी भाची, चार महिन्यांची. रडली की लालबुंद होते. गेल्या महिन्यात पिऊन आलो नि तिला उचललं. झोक गेला. ताईने झेललं म्हणून... पुढचं लिहवत नाही. तेव्हापासून तिला हात लावायचा नाही. "माझा विश्वास बसला की मीच देईन. मागायचं नाही."


बुधवार, ४ मार्च

तिसरा दिवस कोरडा. चहा दोनदा सांडला.


शनिवार, ७ मार्च

आज मासे हलवले! काचेची पेटी ट्रकमध्ये, मासे बादलीत, बादली माझ्या मांडीवर. एक सोनेरी मासा अख्खा रस्ता माझ्याकडे टक लावून बघत होता. मुकादम म्हणाला, "त्याला कळलंय तू किती टिकणार ते." चार वर्षांत सात गावं केली, हे त्याला मीच सांगितलं होतं. कंटाळा आला की पिशवी उचलायची. आता पिशवी पलंगाखाली आहे. दिसते. ढकलली आत.


मंगळवार, १० मार्च

लाँड्रीवाल्याला शेवटी स्पष्ट विचारलं, "दारू सोडणारे कुठे बसतात?"

"ते होय! वरतीच की. मागच्या मंगळवारी टकलूचा चौथा होता."

वर गेलो तर सगळे ओरडले, "केकवाला आला!" इथे माणसाचं वय शेवटच्या घोटापासून मोजतात म्हणे. म्हणजे काका चार वर्षांचा. आणि मी? नऊ दिवसांचा! मिरचीपेक्षाही लहान!

म्हणजे ती थाप थाप नव्हतीच! ताईला सांगितलं. ती इतकी हसली की मिरची दचकून उठली. "खोटं बोलायला गेलास तेही नीट जमलं नाही!" मग म्हणाली, "पण मारायची तर होतीच ना थाप."

होती.


मंगळवार, १७ मार्च

बोललो! उभा राहिलो, मिरचीचं सांगायचं ठरवलं आणि पियानोवर घसरलो. क्रेन, दोर, गच्ची... पाच मिनिटं!

टकलू काकाने विचारलं, "पियानो पोचला का?"

"पोचला."

"मग आता तू पोच, बाबा."

हशा. त्या हशातच सांगून टाकलं — झोक कसा गेला ते. कुणी तोंड वाकडं केलं नाही. दाताच्या दवाखान्यात काम करणारी एक बाई म्हणाली, "माझा नातू अजून माझ्याकडे येत नाही. तीन वर्षं झाली." आणि मला खुर्ची दिली.

नंतर खुर्च्या मीच रचल्या. एकावर एक आठ! बाकीच्यांची मजल चारपर्यंतच होती. आता दर मंगळवारी हे काम माझं.


मंगळवार, २४ मार्च

खुर्च्या: नऊ! ताई मघाशी मिरचीला घेऊन माझ्या अगदी शेजारी बसली. मागितलं नाही. मिरचीचा पाय माझ्या कोपराला लागत होता. हललो नाही.


शनिवार, २८ मार्च

काल एका घरी कपाट हलवताना मागे अर्धी बाटली निघाली. मालक म्हणाले, "तुम्हीच घेऊन जा." ट्रकमध्ये त्यांच्याच गादीवर बसून संपवली. मुकादमाकडे झोपलो. ताईला फोनवर म्हटलं, काम लांबलंय.

आज सकाळी तिने दार उघडलं. वास घेतला नाही. मिरचीला सरळ माझ्यापुढे धरलं. "घे. सत्तावीस दिवस झाले."

मी हात मागे घेतले. "नको ताई. काल प्यायलोय."