पाणमांजर आणि कवटी

प्रिय मेव्हिस,

तुझ्या मार्मालेडच्या बरणीविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. आज सकाळी तिचं झाकण गरम पाण्याला बधलं नाही, दाराच्या फटीत धरून पिळलं तरी हललं नाही. ज्या थर्लो घराण्याने तीनशे वर्षं पंचक्रोशी मुठीत ठेवली, त्याच्या शेवटच्या मुठीचं एक झाकण ऐकेना. कोरडा टोस्ट खाल्ला आणि तुझा राग राग केला. राग करायला तू मला नेहमीच सोयीची पडलीस.

ऑब्रीला जाऊन महिना होत आला. पत्रं अजून 'सर ऑब्री थर्लो' यांच्याच नावाने येतात. पोस्टमनला म्हटलं, "अरे बाबा, सर गेले." तर म्हणतो, "मग आता सर कोण?" कोणी नाही. पहिल्या सर बार्नबींनी हा पिढीजात किताब राजाला सैन्यासाठी पैसे पुरवून मिळवला. म्हणजे आमचा पराक्रम तलवारीचा नाही, थैलीचा. तिसऱ्यांनी जंगल पत्त्यांत घालवलं. पाचव्यांना घोड्याने पाडलं, आणि घोडा शहाणा होता असं गाव अजून म्हणतं. असल्या नगांना पुरून उरलेला किताब एका लग्नाच्या तारखेने संपला.

बाबा गेले तेव्हा तुला दिवस गेले होते. दुखवट्याच्या वर्षात या घरात लग्न होत नाही, असं मी ऑब्रीला बजावलं. माझा भाऊ लहानपणापासून माझं ऐकायचा. पबवाल्याची मुलगी वर्षभरात कंटाळून निघून जाईल, असा माझा अंदाज. तू कंटाळली नाहीस. जॉस मात्र थांबला नाही. तो मार्चमध्ये जन्मला, लग्न दुखवटा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये. जमीनजुमला ऑब्रीने त्याच्या नावे करून दिला, पण किताबाला लग्नाआधीचा मुलगा चालत नाही. आईबाप नंतर शंभरदा बोहल्यावर चढोत. "मेव्हिसला फार घाई!" असं गाव हसलं. घाई तू केली नव्हतीस, उशीर मी केला होता. हे तुलाही ठाऊक होतं. ऑब्री तुला घेऊन शेतावरच्या घरात गेला, मोठ्या घरात मी आणि गळकं छप्पर उरलो. तू दर जानेवारीत मार्मालेड पाठवत राहिलीस, आणि मी खात राहिले.

आता त्या फळीचं. घरचा कर्ता गेला की काळ्या फळीवर घराण्याची ढाल रंगवून चर्चमध्ये लावायची. ढालीवर आमचं पाणमांजर. गेलेला वंशातला शेवटचा असेल, तर पाणमांजराच्या जागी कवटी. एरवी पबच्या पाट्या रंगवणाऱ्या पास्कला मी कवटी सांगितली. तो म्हणाला, "कवटी, बाईसाहेब? आत्ताच तर जॉस इथून शीळ घालत गेला." मी म्हटलं, "तुम्ही रंगवा." परवा फळी चर्चमध्ये न्यायला जॉसच आला. खांद्यावर घेतली, मग खाली ठेवून नीट पाहिली. "कवटी कुणाची, आत्या?" मी म्हटलं, "रीत आहे ती." "म्हणजे माझीच की," तो हसला, "दात तरी जरा बरे काढायला सांगायचेस." आणि फळी उचलून चालू लागला. तुझाच मुलगा. मी घरातल्या सपातांनिशी फाटकापर्यंत त्याच्यामागे धावले आणि फळी परत मागितली.

पास्कने कवटीवर पाणमांजर चढवलंय. जवळून पाहिलं तर मिशांखाली दात दिसतात, दिसू देत. पाद्रीबाबा कुरकुरले, "पण मिस थर्लो, किताब तर संपला ना?" मी म्हटलं, "किताब संपला. पोरगा धडधाकट उभा आहे." फळी रविवारी लागेल, म्हणून हे पत्र. तू आणि ऑब्री इतकी वर्षं मागे खांबाआड बसलात, कारण पहिल्या बाकावरची बाई कधी सरकली नाही. या रविवारी ती सरकणार आहे. ये. आणि हो, रिकामी बरणी धुऊन परत करायची ही गावची साधी रीत. बाकी सगळ्या रीती मी डोळ्यांत तेल घालून पाळल्या, तेवढी एक राहिली. तुझ्या सगळ्या बरण्या लख्ख घासून आज तुझ्या मागच्या दाराशी ठेवल्या आहेत. त्यात एक नाही. ती अजून उघडलेली नाही. रविवारी चर्चनंतर माझ्याकडे येऊन तूच उघड.

तुझीच,
ड्रुसिला