पिवळ्या पट्टीवरची सायकल

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसले आहे, तेही जपानातल्या इचिकावाहून. हसाल, पण मी आता तुमच्याच खात्यात आहे म्हणा ना. आठवड्यातून चार सकाळी हिरवं जाकीट घालून स्टेशनबाहेर उभी असते. नको तिथं लावलेल्या सायकलींना इशाऱ्याची चिठ्ठी बांधायची. मालक फिरकला नाही तर दुपारी महापालिकेचा ट्रक येऊन त्या उचलून नेतो. नवरा कॉम्प्युटरवर, मुलगी शाळेत, मी घरात बसून किती भिंती बघणार? माझ्या जोडीला सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आहेत. चिठ्ठी बांधण्याआधी ते प्रत्येक सायकलीसमोर किंचित वाकून ‘सुमिमासेन’ म्हणतात, म्हणजे माफ करा. सायकलीला! पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. आठवड्याभरात मीही वाकायला लागले.

तेव्हापासून तुम्ही फार आठवता. तुम्ही नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागात, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या दारातल्या हातगाड्या उचलायचा हुकूम आलेला. त्यात मामाची भेळेची गाडी. आईचा सख्खा भाऊ. मी नववीत आहे, शाळेतून येताना फाटकापाशी थांबून बघते आहे. मामा हात जोडून म्हणतोय, “दाजी, आजचा दिवस सोडा की.” तुम्ही त्याच्याकडे बघतच आपल्या माणसांना म्हणता, “उचला.” चुरमुरे रस्ताभर सांडतात. संध्याकाळी स्वयंपाकघरात आईनं तुमच्यापुढे ताट आदळलं आणि मी तोंड वर करून विचारलं, “सख्ख्या माणसाचीसुद्धा गाडी उचलता? काळीज आहे का तुम्हाला?” तुम्ही मोडलेला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवलात. “त्याची सोडली, तर उद्या दुसऱ्याची कुठल्या तोंडानं उचलू?” एवढंच म्हणालात. त्या भाऊबीजेला आई तबक तयार करून दाराशी बसून राहिली, मामा काही आला नाही. मी मनात तुम्हालाच बोल लावला, आणि तुम्ही गेलात तरी तो मागे घेतला नव्हता.

आता मंगळवारचं सांगते. स्टेशनच्या दारात अंध माणसांना पायानं वाट कळावी म्हणून उठावाच्या पिवळ्या फरश्यांची पट्टी आहे, आणि नेमक्या तिच्यावर पाच सायकली. आजोबा त्या टोकाकडून, मी या टोकाकडून. मी दोन चिठ्ठ्या बांधल्या, त्यातली एक सायकल तर बाळाच्या सीटची होती. तिसरी निघाली माझ्या लेकीची. चिठ्ठीवर वेळ लिहून झाली होती, पण हात पुढे जाईना. मी ती चुरगळून खिशात कोंबली, कुलूप लावलेलं मागचं चाक उचललं आणि सायकल कोपऱ्यावरच्या स्टँडकडे ओढायला लागले. आजोबांनी पाहिलं. जवळ आले. त्या सायकलीवर शाळेचं स्टिकर आहे, कुणाची ते त्यांना कळलंच असणार. “जड आहे हो,” म्हणाले आणि पुढचं हँडल धरलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी लेक नाचत घरात आली. “मम्मा, सगळ्यांच्या सायकली ट्रकनं नेल्या, माझी कुणीतरी स्टँडमध्ये ठेवली. लकी!” मी कुकरचं झाकण काढत राहिले.

अण्णा, एका सायकलीपुढे माझे हात गळाले. तुमच्यासमोर तर जिवंत माणूस हात जोडून उभा होता, आणि घरी आई होती. त्यानंतरही तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन कामावर जात होतात, मामाच्या बोळावरूनच. कुठून आणलंत हो हे बळ? इतकी वर्षं मी तुम्हाला दगड समजत आले. आता तो दिवस आठवला की वाटतं, आपण कुणाच्या घरात वाढलो हेच मला कळलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण एक कबूल करते. तुम्ही हयात असतात, तर फोनवर या नोकरीचं सगळं सगळं तुम्हाला हौसेनं सांगितलं असतं. मंगळवारचं तेवढं सांगितलं नसतं.